वाघाटीचें घर

वाघाटी म्हटलें म्हणजे आषाढी द्वादशीची भाजी पुष्कळांस आठवते. पण याच नांवाचें एक रानटी मांजर आपल्या महाराष्ट्रांत राहतें, हें थोड्यांसच ठाऊक असतें. जगांतील अत्यंत लहान मार्जारजातींपैकीं ही एक होय. पूर्ण वाढलेल्या वाघाटीचें वजन एक ते दीड किलोच भरतें. भारत, श्रीलंका व नेपाळ यांखेरीज ती अन्यत्र आढळत नाहीं. आणि रात्रींच हिंडत असल्यामुळें क्वचितच दृष्टीस पडते.

वन्य प्राण्यांचें रक्षण हें सरकारचें काम व तें अभयारण्यांत व्हावयाचें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वाघाटीच्या बाबतींत ती अपुरी पडते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तिला वाघाच्या पंक्तीस, म्हणजे पहिल्या अनुसूचींत बसविलें आहे खरें. पण ती केवळ राखीव रानांत राहत नाहीं. पश्चिम महाराष्ट्रांत ती उसाच्या फडांतही पिलें घालते. बांधावरचीं झुडुपें, काटेरी कुंपण, ओढ्याकांठची जाळी व पडीक माळ यांच्या आश्रयानें ती राहते, आणि उंदीर खाऊन शेतकऱ्याची चाकरी न सांगतां करते. तें झुडूप निरुपयोगी म्हणून आपण पेटवून दिलें, तर तिनें दाद कोठें मागावी?

कसणाऱ्यास गुंठा गुंठा मोलाचा असतो, हा आक्षेप रास्त आहे. परंतु येथें शेत सोडावयाचें नाहीं. बांध तेवढा हिरवा राखावयाचा आहे. त्यायोगें शेताची मातीही धरून राहते.

ऊसतोडीच्या वेळीं पिलें सांपडलीं, तर कोणी त्यांस बिबट्याचे बछडे समजून भितो, कोणी पोरकीं समजून घरीं नेतो. वस्तुतः त्यांची आई बहुधा जवळच दडलेली असते. पिलांस हात न लावतां वन विभागास कळवावें. त्याच जागीं सुरक्षित ठेविलेलीं पिलें आईनें रात्रीं येऊन नेल्याचा अनुभव महाराष्ट्रांत अनेकदां आला आहे. दया हा सद्गुण खरा. पण अज्ञानाची दया लेंकरास आईपासून तोडते.

मनुष्यास सृष्टीच्या बागेंत नेमिलें तें राखणदार म्हणून, असें पवित्र शास्त्र शिकवितें. विद्यार्थीमित्रहो, राखण करावयास दूरच्या अरण्यांत जावयास नको. या सुटींत गांवीं गेल्यावर वडील मंडळींस एवढेंच विनवा कीं, आपल्या बांधावरची जाळी यंदा पेटवूं नये.