मातीबरोबर आलेली मंडळी

ट्रॉलीवाला काळी माती ओततो, पैसे मोजून घेतो आणि जातो. त्या मातीतून किती जातींचं बी घरात आलं, याचा हिशेब मात्र पहिला पाऊस देतो. बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यातल्या आमच्या जुन्या घरामागची पडकी खोली काढून तिथं परसबाग करायचं ठरलं. विटांचा रोडा उपसला, तापीकाठच्या केळीच्या शेतातली माती टाकली, शेणखत मिसळलं, नर्सरीतून मोगरा, जास्वंद, कढीपत्ता आणला. पाऊस झाला आणि लावलेली रोपं अजून रुळत असतानाच न लावलेली बाग तरारून उभी राहिली.

आता यातलं ठेवायचं काय आणि उपटायचं काय? मोबाइलमधलं ॲप फूल दिसलं तर बरंच काही सांगतं, पण दोन-चार कोवळ्या पानांपुढे तेही चाचपडतं. पुस्तकाकडे वळावं तर बुऱ्हाणपूरची गंमत वेगळीच. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेल्या थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. त्यात खानदेश आहे. बुऱ्हाणपूर तेव्हा मध्य प्रांतात, म्हणून त्या ग्रंथाच्या हद्दीबाहेर. सुदैवानं खानदेशातल्या शेजारच्या रावेरच्या बांधावरचं गवत प्रांताची हद्द मानत नाही, त्यामुळे कुकसाहेब आमच्याही कामी येतात.

पण खरी उकल केली ती निंदणीला येणाऱ्या मावशींनी. त्यांचा जन्म केळी-कापसाच्या शेतांत गेलेला. अंगणात पाऊल टाकताच त्यांनी एकाही रोपाचं नाव सांगितलं नाही. उलट मलाच विचारलं, "माती कुठली? खत कोणाकडचं?" तण ओळखायचं तर ते आलं कुठून हे आधी बघायचं, ही त्यांची रीत. ती मला कुठल्याही ॲपपेक्षा शास्त्रशुद्ध वाटते.

केळीच्या मातीतून आला तो लव्हाळा. दिसायला गवत, पण देठ बोटांत फिरवला की तीन कडा हाताला लागतात. गवताची काडी अशी तिधारी नसते. मी ओढायला वाकले तर मावशी म्हणाल्या, "ओढू नका, खणा. वरचं तुटतं, खालचं हसतं." खालचं म्हणजे दोऱ्यात ओवल्यासारख्या काळपट गाठी. एक गाठ मागे राहिली तरी तिला पुन्हा कोंब फुटतो. लीरॉय होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांवर जे पुस्तक काढलं, त्यात पहिला मान याच लव्हाळ्याचा. दुसरा मान हरळीचा, म्हणजे आपण गणपतीला वाहतो त्या दुर्वांचा!

शेणखतातून आलेली मंडळी वेगळी. चाकवत आणि माठाच्या जातीचं बरंचसं बी गुराच्या पोटातून जिवंत बाहेर पडतं. वेडी बाभूळ तर गुरांनी शेंगा खाव्यात याचीच वाट पाहते. अंगणात चाकवताची रोपं दाटीनं उगवली, की खत नीट कुजलं नव्हतं असं खुशाल समजावं. चांगला रचलेला ढीग आतून ५५-६० अंशांपर्यंत तापतो आणि त्या उष्णतेत बहुतेक बी मरतं. माठाच्या रोपांतही निवड करावी लागते. तांदुळजा आणि काटेमाठ कोवळेपणी भावंडांसारखे दिसतात. थोडे वाढू द्यावेत. पानाच्या बगलेत काट्यांची जोडी आली की तो काटेमाठ.

नर्सरीच्या कुंड्यांचे पाहुणे आणखी निराळे. मोगऱ्याच्या बुडाशी तीन-तीन बदामी पानांची आंबुटी होती. तिची शेंग पिकली की नुसत्या स्पर्शानं फुटते आणि बी लांब उडवते, म्हणून कुंडी जमिनीत रिकामी करण्याआधीच ती काढलेली बरी. शेजारी जमिनीला बिलगून पसरलेली दोन रोपं होती, दोघांच्याही काड्या तांबूस. मावशींनी एकेकीची काडी मोडली. एकीतून पांढरा चीक आला, ती दुधी. दुसरीतून नुसतं पाणी आलं आणि पानंही मांसल, ती घोळ. घोळ संध्याकाळी डाळीत पडली. मात्र ज्याची खात्री नाही ते ताटात घ्यायचं नाही, हा मावशींचा नियम कडक आहे. धोत्र्याचं रोपही कोवळं असताना गरीब भाजीसारखंच दिसतं.

काही मंडळी कुणी न आणताच येतात. एकदांडी पिसांच्या छत्रीवरून वाऱ्यानं येते. चुन्याच्या भिंतीतला पिंपळ पाखरांच्या विष्ठेतून. आघाड्याचं बी लुगड्याला, धोतराला, जनावराच्या केसांना चिकटून. सुरतेहून आग्र्याला जाणारी मोगलाईतली वाट याच शहरातून जायची; त्या तांड्यांच्या बैलांनी किती आघाडा वाहिला असेल कोण जाणे.

या सगळ्यांत ज्याला एक दिवसाचीही सवलत नाही ते गाजरगवत. आधी ते जमिनीसरपट चक्रासारखं पसरतं. पानं गाजरासारखी कातरलेली, लांबून झेंडूची वाटावीत अशी. पण पान चुरगळलं तर झेंडूचा ओळखीचा वास येत नाही. मूळ अमेरिकेतलं हे तण पुण्यात १९५५ च्या सुमारास नजरेत आलं. परदेशी गव्हाबरोबर आलं असं मानतात, आणि लोकांनी त्याला थेट काँग्रेस गवतच करून टाकलं. एक जोमदार झाड पंधरा हजारांवर बी टाकतं, म्हणून फुलायच्या आत उपटायचं. तेही उघड्या हातांनी नाही, अनेकांच्या कातडीला त्यानं खाज सुटते. ते खाणारा मेक्सिकन भुंगेरा १९८० च्या दशकात बंगळुरूत आणून सोडला गेला. आमच्याच राज्यातल्या जबलपूरच्या तण संशोधन संस्थेनं त्याचा पुढे बराच प्रसार केला. पण भुंगेऱ्याची भूक पावसाळ्यात, एरवी हातमोजे बरे.

निवाडा झाला तो असा. लव्हाळा, गाजरगवत, काटेमाठ बाहेर. पिंपळाचं रोप भिंतीतून मुळासकट काढून कुंडीत. घोळ स्वयंपाकापुरती. आघाडा गणेशचतुर्थीच्या पत्रीपुरता, त्याचे तुरे वाळायच्या आत काढायचा या अटीवर. आणि हरळी एका कोपऱ्यात, चारी बाजूंनी फरशी उभी पुरून. बाप्पासाठी ठेवली तरी तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही.

एवढं करून बाग निवळली का? अमेरिकेत विल्यम बील नावाच्या प्राध्यापकांनी १८७९ मध्ये तणांचं बी बाटल्यांत भरून पुरून ठेवलं. ते जमिनीत किती वर्षं जिवंत राहतं, हे त्यांना शेतकऱ्यांसाठी शोधायचं होतं. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली उकरायची, असा क्रम बीलनंतरही त्यांच्या विद्यापीठानं चालू ठेवला. २०२१ मध्ये काढलेल्या बाटलीतलं काही बी १४२ वर्षांनी रुजलं! मी हे मावशींना सांगितलं आणि विचारलं, "मग आपल्याला हे किती वर्षं निंदावं लागेल?" त्यांना त्या बाटल्यांचं मुळीच नवल वाटलं नाही. "माती आहे तोवर," असं म्हणून त्यांनी पुढच्या पावसाळ्याची मजुरी आत्ताच ठरवून घेतली.