कारस्थानाचा कर्ता कोण?

मध्ययुगीन राजकारणावर बेतलेल्या संगणकीय व्यूहखेळांत कारस्थानाचे नवे प्रकार कोणते असावेत, याविषयीच्या सूचना पाहिल्या म्हणजे विषप्रयोगाच्या तऱ्हा वाढताना दिसतात. कारस्थानाची संकल्पना मात्र जागची हलत नाही. 'क्रुसेडर किंग्ज'च्या २०२० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत हत्या, अपहरण, गुपिताचा धाक हे सारे एका सत्ताधाऱ्याच्या इच्छेतून उगवते. हस्तक जमतात, यशाची टक्केवारी चढते, घटना घडते. असा खेळ कथा निर्माण करतो, हा दावा करणाऱ्यांनी ती कथा कोणाची, एवढे तरी विचारावयास हवे होते.

देवगिरी या खेळाच्या कालपटातच बसते. १२७१ च्या सुमारास रामचंद्राने चुलतभाऊ आम्मणाला पदच्युत केले. नटांच्या वेषात त्याची माणसे गडात शिरली, ही हकिकत प्रसिद्ध आहे. सूचनाबहाद्दर तेवढीच उचलतील: 'नटमेळा' हे नवे कलम, जास्तीचे गुण. पण गडाचे दार नटांना उघडले गेले, ते खेळ्यांना दरबारात वाट देणारा समाजव्यवहार आधीपासून होता म्हणून. त्याहून अर्थपूर्ण बाब अशी की महादेवाचा श्रीकरणाधिप हेमाद्री रामचंद्राच्या राज्यातही अधिकारपदावर राहिला. गादीवरचा बदलला, दप्तर बदलले नाही. हस्तकांची बेरीज करणाऱ्या संहितेला हे सातत्य दिसतच नाही.

१२९६ चा प्रसंग तर अधिकच अडचणीचा. मागून वीस हजारांचे घोडदळ येत असल्याची आवई अल्लाउद्दीनाच्या बाजूने उठवली गेली. हे कारस्थान खरे. परंतु गडाचा धीर खचवला तो मिठाने. धान्याची म्हणून वर चढवलेली पोती मिठाची निघाली, असे फिरिश्ता सांगतो. ते मीठ कोणाच्याही मसलतीत नव्हते. आकस्मिक घटनांची सोय खेळात असतेच, असा प्रतिवाद होईल. असते, पण ती राजावर कोसळते, पोती वाहणाऱ्याच्या हातून घडत नाही.

याचे खापर स्वीडनमधील खेळकर्त्यांवर फोडून मराठी अभ्यासकाला मोकळे होता येणार नाही. १७७३ च्या नारायणरावाच्या खुनाची सारी उपपत्ती एका स्त्रीने बदललेल्या एका अक्षरात कोंबणारी आख्यायिका इथल्याच नाटक-कादंबऱ्यांनी पोसली. 'ध'चा 'मा' लोकांच्या तोंडी बसला; गारद्यांचा थकलेला पगार तळटीपेत गेला. टक्केवारी तेवढी नव्हती, दृष्टी हीच होती.

भोकरदन तालुक्यातील धावड्यासारखे गाव अशा नकाशावर कुठल्यातरी सरदाराच्या रंगीत तुकड्यात विरघळून जाते. वस्तुतः नवी कारस्थाने हवीच असतील तर ती तिथून सुचावीत: जमीन पडीक दाखवणे, धान्य पेवात दडवणे, जासुदाला लांबची वाट सांगणे, कारकुनाने आज्ञापत्र तीन दिवस दाबून ठेवणे. यांतल्या एकाही कृतीचा कर्ता राजवंशीय नाही. म्हणूनच खेळात तिला कारस्थान हे नाव मिळत नाही; ती लोकमताचा घसरलेला आकडा ठरते, फार तर बंड.