सोडवायलाही शिकवा!

मेसमध्ये एकात एक अडकलेले स्टीलचे पेले आपण सरळ आपटतो. विंडसर्फिंगची दोन तुकड्यांची डोलकाठी अशी आपटाल, तर कार्बन फायबर तडकेल! सांध्यात वाळू नि खारं पाणी शिरलं की ती अडकते. मग दोन्ही तुकड्यांवर सायकलची जुनी ट्यूब घट्ट गुंडाळायची आणि दोघांनी उलट दिशांना पिळायचं. आत ॲल्युमिनियमची नळी अडकली असेल तर उकळतं पाणी नको, बर्फ हवा. तापलं की ॲल्युमिनियम कार्बनपेक्षा जास्त फुगतं.

गोखिवऱ्याच्या गाळ्यांतले फिटरसुद्धा टेपर शँकचं ड्रिल बेताने पाचर ठोकूनच सोडवतात. आपल्या वर्कशॉपमध्ये मात्र मार्क फक्त जोडण्याला! दुरुस्ती तर सोडवण्यापासून सुरू होते. सर, एका प्रॅक्टिकलला अडकलेला सांधाच द्या ना!