समेवर थांबलेले शरीर

माणसाची हालचाल कॅमेऱ्याने टिपून तिला नादाने, प्रकाशाने अथवा चित्राने उत्तर देणाऱ्या कलाकृती उभारण्यात आमचे बहुतेक वाचक गुंतलेले आहेत. त्यांच्याकडून प्रकाशनार्थ येणाऱ्या टिपणांत उपकरणांचा तपशील चोख असतो, परंतु त्या उपकरणांपुढे कर्त्याखेरीज आणखी कोण उभे राहिले याची नोंद क्वचितच सापडते, आणि ही उणीव पुष्कळ काळ आमच्याही ध्यानी आली नाही.

कॅनडाचे कलावंत डेव्हिड रोकबी यांनी १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी स्वतः जुळविलेले, अवघ्या चौसष्ट बिंदूंचे चित्र घेणारे कॅमेरे ॲपल टू संगणकास जोडून, हालचालीतून नाद उमटविणारी रचना सिद्ध केली. तिच्यापुढे ते एकटेच वावरत राहिले. पुढे इतर लोक त्याच जागी आले तेव्हा यंत्र त्यांची दखलच घेईना. आपण यंत्रास शिकवीत आहोत अशी रोकबींची समजूत होती, आणि प्रत्यक्षात यंत्राच्या सोयीने झटके देत हलण्याचे शिक्षण त्यांच्याच शरीराने घेतले होते. याच खटपटीतून वाढलेली ‘व्हेरी नर्व्हस सिस्टिम’ ही कृती १९८६ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात मांडली गेली.

गतवर्षी एका नृत्यशाळेत आम्ही अशाच एका चाचणीस हजर होतो. पार्श्वभूमी वजा करण्याच्या परिचित पद्धतीने काम चालले होते: यंत्र रिकाम्या जागेचे चित्र स्मरणात ठेवते, समोरच्या दृश्यातून ते वजा करते व जे उरेल त्यास माणूस मानते, आणि उजेड दिवसभर बदलत असल्यामुळे त्या स्मरणातील चित्रात हळूहळू फेरफार करीत राहण्याचीही तजवीज त्यात असते. एका विद्यार्थिनीच्या आजी कोपऱ्यातील खुर्चीवर बसून दोरीत घुंगरू ओवीत होत्या. पडद्यावर प्रथम त्यांची संपूर्ण आकृती उजळली; मग पदर, खांदे, मस्तक अशी ती विरत गेली, आणि अखेर अंधारात केवळ ओवणाऱ्या बोटांचा एक लहानसा प्रकाशपुंज लुकलुकत राहिला. आजींनी मान वर करून विचारले, “अरे, मी कुठे गेले रे?” यंत्र सांभाळणारा तरुण म्हणाला, “आजी, जरा हलत राहा ना.” त्यावर त्या म्हणाल्या, “अरे, पण मी इथंच तर बसलेय.”

त्या तक्रारीचे उत्तर आपणांपाशी असावयास हवे, असे आम्हांस मनापासून वाटते. कथकात तिहाई पुरी करून नर्तकी समेवर येते आणि थांबते. तोवर साठत आलेला सारा वेग त्या स्थिर अंगात एकवटलेला असतो, प्रेक्षकांची दाद तेथेच उसळते, आणि सेकंदास तीस चित्रे घेऊन लागोपाठच्या चित्रांतील फरक मोजणाऱ्या यंत्राच्या हिशेबी नेमक्या त्याच क्षणी शून्य मांडले जाते. २०१० साली आलेल्या किनेक्टने अवरक्त किरणांनी खोली मोजून ही अडचण पुष्कळ हलकी केली, कारण त्यास माणूस दिसण्यासाठी तो हलण्याची गरज उरली नाही. तथापि सांधे ताडताना माणूस समोर तोंड करून उभा आहे असेच ते गृहीत धरीत असे, त्यामुळे नर्तकीने पाठ फिरविली की डावा हात उजवा ठरे, आणि चक्करीत फुललेल्या घागऱ्याआडचे गुडघे केवळ अंदाजाने मांडले जात. रोकबींनी मात्र १९९५ च्या ‘वॉच’ या कृतीत हालते तेवढेच एका चित्रात व स्थिर तेवढेच दुसऱ्यात दाखवून, स्थिरतेलाही गतीच्या बरोबरीचे स्थान दिले.

त्या तरुणाने, माणूस जेथे आढळला असेल तेवढ्या भागातील पार्श्वभूमीचा फेरफार थांबविण्याचे कलम आपल्या आज्ञावलीत घातले, आणि आजी पडद्यावर सबंध परतल्या. काम थोड्याच वेळाचे होते. ते सुचण्यास मात्र स्वस्थ बसलेले कोणीतरी समोर असावे लागले. म्हणून येथून पुढे टिपण पाठविताना कॅमेऱ्याच्या तपशिलाखाली आणखी दोन नोंदी कराव्यात: रचनेपुढे कर्त्याखेरीज कितीजण, कोणत्या वयाचे व कोणत्या वेषात उभे राहिले, आणि स्थिर बसलेला माणूस किती सेकंदांनी पार्श्वभूमीत जमा होतो.