नानांची रात्रपाळी

आमच्या शेजारच्या नानांच्या खिडकीत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत निळसर उजेड दिसे. आम्हांला वाटले, म्हातारपणी सिनेमाचा नाद लागला! परवा खुलासा झाला. नानांना प्रोस्टेटचा कर्करोग निघाला होता आणि माईंना कळू नये म्हणून गृहस्थ एकटेच मोबाइलवर रोगाचा अभ्यास करीत होते.

आता या मोबाइलगुरूचे असे, की एक म्हणतो ताबडतोब कापा, दुसरा म्हणतो काढा प्या. या रोगावरील यूट्यूबवरच्या १५० चित्रफिती अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तपासल्या. २०१९ साली त्यांनी छापले, की ७७ टक्क्यांत चित्रफितीत किंवा खालच्या शेऱ्यांत चुकीचा वा एकांगी मजकूर होता!

तरी नानांच्या हाती एक मोती लागला. ब्रिटनमध्ये ग्रंथीपुरताच रोग असलेल्या १,६४३ जणांपैकी काहींवर शस्त्रक्रिया झाली, काहींना किरणोपचार दिले, काहींवर नुसती देखरेख ठेवली. १५ वर्षांनी, तिन्ही गटांत, या रोगाने दगावलेले शेकडा दोन-तीनच. हा निष्कर्ष २०२३ सालचा. नाना खूश! डॉक्टरकडे जायचेच नाही, असे ठरवून मोकळे.

अखेर माईंनी मोबाइल पाहिलाच. चष्मा लावून त्यांनी पुढची ओळ वाचली : देखरेखीच्या गटात रोग पसरण्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट.

"अहो, देखरेख म्हणजे घरी बसणं नव्हे. आणि तुमचा रोग ग्रंथीपुरताच आहे, हे मोबाइलला कोणी सांगितलं?"

दुसऱ्या दिवशी दोघे डॉक्टरकडे गेली. नानांच्या खिशात प्रश्नांचा कागद होता, अक्षर माईंचे.