फिट आणि अनफिटच्या मधल्यांचं काय?

संपादक महाशय,


आपल्या आरोग्य पुरवणीतला पाठदुखीवरचा लेख वाचला. रोज चाला, योगासनं करा, वेळेवर झोपा. सल्ले चुकीचे नाहीत, पण वाळूजच्या कारखान्यांत फिरत्या पाळीत काम करणाऱ्याने ते पाळायचे कधी? त्याची झोपेची वेळच दर पाळीला बदलते.

मला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस आहे. यात पडून राहिलं की पाठ आखडते, हालचालीने मोकळी होते. माझ्या लाइनवरच्या एका सहकाऱ्याची मणक्यातली गादी सरकलीय. त्याला वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. काम दोघांनाही येतं आणि करायचंही आहे. मला अधूनमधून स्टेशन बदलून हवं, त्याला न वाकता करता येईल असं हवं. मागणी एवढीच.

पण डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर शब्द दोनच, फिट नाहीतर अनफिट. अनफिट असाल तर ईएसआयकडून, म्हणजे कामगार राज्य विम्यातून, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो. ठरावीक ३४ दीर्घ आजारांत, ज्यांत सरकलेली गादीही येते, दोन वर्षांपर्यंत ८० टक्के. सोय चांगली आहे, पण घरी बसणाऱ्यासाठी. कामावर टिकू पाहणाऱ्याला उरते ती ‘लाइट ड्यूटी’, तीही सुपरवायझरच्या मर्जीवर. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत दुखणं हा प्रकारच नाही. सांधा किती वळतो ते मोजतात. कळ कोण मोजणार?

म्हणून ठेकेदारीतली पोरं कमरेचा पट्टा शर्टाच्या आत बांधतात. दिसला तर पुढच्या महिन्यात गेटवरून परत पाठवतील, ही धास्ती. मेडिकलमधून वेदनाशामक डायक्लोफेनॅकची स्ट्रिप आणायची, जेवणाच्या सुट्टीत एक गोळी टाकायची, असं महिनोन्‌महिने चालतं. पोट आणि किडनी त्याची किंमत मोजतात.

कायद्यात काहीच नाही असंही नाही. उभ्याने काम करणाऱ्याला बसायची सोय द्या, हे १९४८ च्या कारखाना कायद्याचं ४४ वं कलम सांगत होतं. त्याची जागा घेतलेल्या नव्या श्रमसंहितेतही ती तरतूद आहे. केरळने २०१८ मध्ये, तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतल्या कामगारांनाही बसण्याचा हक्क दिला. (आमच्या गुलमंडीच्या बाजारात दिवसभर उभ्याने साड्या दाखवणाऱ्या ताईंना ही बातमी कुणीतरी सांगावी.)

मॅनेजमेंट म्हणतं, सगळ्यांनीच लाइट ड्यूटी मागितली तर जड काम कोण करणार? प्रश्न खोटा नाही. हलक्या जागा मोजक्या असतात आणि बऱ्याचदा साहेबांच्या माणसांना मिळतात. म्हणूनच नियम लेखी हवा. डॉक्टरने फिट-अनफिटऐवजी काय करता येईल आणि काय नाही ते लिहावं, कंपनीने त्याप्रमाणे स्टेशन द्यावं, आणि दर तीन महिन्यांनी फेरतपासणी व्हावी. त्यात कुणी सोंग करत असेल तर तेही उघडं पडेल.

युनियनच्या पुढाऱ्यांनाही विनंती आहे. पुढच्या पगारवाढीच्या करारात हे एक कलम घाला, आणि ते ठेकेदारीतल्या पोरांनाही लागू होईल असं लिहून घ्या.

– एक कामगार वाचक, बजाजनगर, छत्रपती संभाजीनगर