बालकांस उद्देशून केलेल्या जाहिरातींस मनाई असावी काय?

मानखुर्द स्टेशनांतून बाहेर पडून महाराष्ट्र नगर किंवा लल्लूभाई कंपाऊंड यांच्या दिशेनें चालूं लागलें, म्हणजे वाटेंतील लहानसहान दुकानांपुढें रंगीत पुड्यांच्या माळा लोंबतांना दिसतात. कोणा पुडीवर हंसरें चित्र, कोणा पुडींत फुकट खेळणें. किंमत पांच रुपये, फार तर दहा. शाळेस निघालेल्या मुलाच्या खिशांत जेवढे पैसे असतात, तेवढीच ती किंमत! या पुड्यांची वार्ता मुलास आधींच घरीं पोंचलेली असते. दुकानाशीं तें केवळ हात पुढें करतें. यावरून जो प्रश्न आमच्या मनांत उभा राहिला, तो वाचकांपुढें ठेवीत आहों: बारा वर्षांखालील मुलांस उद्देशून मालाची जाहिरात करणें कायद्यानें बंद करावें काय? आमचें उत्तर 'होय' असें आहे. त्याचीं कारणें येणेंप्रमाणें.

जाहिरात ही गोष्ट मुळांत वाईट आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. जुन्या मराठी नियतकालिकांत डोंगरे यांच्या बालामृताच्या जाहिराती येत. औषध बालकाचें, परंतु बोलणें आईबापांशीं. १९७६ सालीं दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या, पुढें केवळ मुलांसाठीं वाहिलेल्या वाहिन्या निघाल्या, आणि आतां मोबाईल मुलाच्या हातीं आला. या क्रमांत जाहिरातीचा श्रोता बदलला; ती आईबापांस ओलांडून थेट मुलाशीं बोलूं लागली. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या एका अभ्यासमंडळानें २००४ सालीं असा निष्कर्ष काढला कीं, आठ वर्षांखालील मुलांस जाहिरातीमागील हेतु उमगत नाहीं. बोलणारा आपला माल खपवूं पाहत आहे, हें ज्यास कळतच नाहीं, त्याच्याशीं केलेला व्यवहार न्याय्य कसा म्हणावा? आठव्या वर्षीं हेतु कळूं लागला, तरी मोह आवरण्याची शक्ति त्याच दिवशीं येत नाहीं. म्हणून बारा वर्षांची मर्यादा आम्हांस योग्य वाटते.

आपल्याकडे कायदा अगदींच स्वस्थ बसलेला आहे असें नाहीं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनीं चरबी, मीठ व साखर यांचें प्रमाण फार असलेल्या पदार्थांची विक्री व जाहिरात शाळेंत, आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरांच्या आंत, मना केली आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें २०२२ सालीं मुलांच्या कार्यक्रमांत व मुलांच्या वाहिन्यांवर चिप्स, शीतपेयें इत्यादींच्या जाहिराती करूं नयेत असें ठरविलें. परंतु यांत दोन उणिवा राहिल्या आहेत. पहिली ही कीं, मूल केवळ मुलांचाच कार्यक्रम पाहतें असें नाहीं. एका खोलीच्या बिऱ्हाडांत क्रिकेटचा सामना आणि रात्रीची मालिका मूलही सर्वांबरोबर पाहतें. दुसरी उणीव अधिक बोंचणारी आहे. आमच्यासारख्या दाट वस्तींत ५० मीटरांच्या आंत कितीतरी टपऱ्या येतात, आणि त्या चालविणारीं माणसें स्वतः गरीब पालकच असतात. नियमाचा बडगा त्यांच्यावर पडावा आणि ज्यानें ती पुडी बनवून तिचा गाजावाजा केला तो दूर राहावा, हें योग्य नव्हे. बंदी असावी ती जाहिरात करणाऱ्यावर.

कित्येक म्हणतील कीं, मुलांस आवरणें हें आईबापांचें काम आहे. तें खरें, परंतु ज्या एम-पूर्व विभागांत मानखुर्द येतें, तो विभाग २००९ च्या मुंबई मानवविकास अहवालांत शहरांतील सर्व विभागांच्या शेवटीं होता. येथील पुष्कळ माता पहाटेंच कामास बाहेर पडतात, आणि पांच रुपयांची पुडी कित्येकदां सकाळच्या न्याहारीची जागा घेते. आईनें 'नको' म्हणावें आणि पडद्यावरील गोड आवाजानें दिवसभर 'घे' म्हणावें, या झगड्यांत आईचा पक्ष दुबळा पडतो. तिच्या शब्दास कायद्याचें पाठबळ नको काय?

दुसरा आक्षेप व्यापाराच्या स्वातंत्र्याचा. कॅनडांतील क्वेबेक प्रांतानें १९८० पासून तेरा वर्षांखालील मुलांस उद्देशून जाहिरात करण्यास मनाई केली. खेळणीं विकणारी एक कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९८९ सालीं न्यायालयानें कायदा कायम ठेवला. स्वीडनमध्यें १९९१ पासून बारा वर्षांखालील मुलांस उद्देशून दूरचित्रवाणीवर जाहिरात करतां येत नाहीं. तेथें खेळण्यांचीं व खाऊचीं दुकानें बंद पडलेलीं नाहींत.

जाहिरातींचे पैसे आटले तर मुलांचे कार्यक्रमही कमी होतील, ही भीति मात्र खरी आहे, आणि ती आम्ही उडवून लावीत नाहीं. परंतु १९७१ पासून पाठ्यपुस्तक मंडळानें 'किशोर' मासिक चालविलें आहे. मुलांच्या करमणुकीचा भार समाजानें उचलावा, ही कल्पना आपणांस नवी नव्हे.

'पुढें जाहिरातींच्याच जगांत राहावयाचें, तर त्यांची संवय लहानपणींच व्हावी,' असेंही कोणी सुचवितात. पोहणें शिकविण्याकरितां भरतीच्या वेळीं मुलास ठाण्याच्या खाडींत कोणी लोटीत नाहीं. आधीं शिकवावें, मग सोडावें. तें शिक्षण शाळांनीं द्यावें, आणि तोंपर्यंतचा काळ कायद्यानें राखावा.

असो. कायदा होईल तेव्हां होईल. तोंवर आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं आपल्या धाकट्या भावंडांजवळ बसून एवढेंच करावें: पडद्यावर जाहिरात लागली कीं, 'हें कोण बोलत आहे, आणि कां?' असें त्यांस विचारावें. अशी आमची त्यांस आग्रहाची विनंती आहे.